पक्क्या रंगाचे पाणी आणि प्रकाशाचा हिशेब

कापड घेताना आपण दुकानदाराला हमखास विचारतो, "रंग पक्का आहे ना? जाणार नाही ना?" या प्रश्नाचे उत्तर "हो" असे यावे म्हणून रंगरसायनशास्त्राने दीडशेहून अधिक वर्षे खर्ची घातली आहेत. रंग उन्हाने विटू नये, साबणाने सुटू नये, घामाने उतरू नये आणि जमल्यास ब्लीचलाही दाद देऊ नये, अशा बेताने त्याच्या रेणूची रचना केली जाते. उन्हापुढे तो किती टिकतो हे मोजण्यासाठी १ ते ८ अशी मापपट्टी आहे आणि त्या पट्टीवर वरचा क्रमांक मिळालेल्या रंगाला बाजारात भाव मिळतो. असा रंग कापडावर न बसता पाण्यात उरला, म्हणजे मात्र आपली अपेक्षा नेमकी उलटी होते. आता त्याने उन्हात विटावे, जिवाणूंनी त्याला खावे आणि नाला नदीला मिळण्यापूर्वी त्याने नाहीसे व्हावे, असे आपल्याला वाटू लागते.

इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. गावाला पुढे 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणू लागले आणि मागांमागोमाग सुताला खळ लावणारी सायझिंग आली, कापड धुऊन-रंगवून देणारी प्रोसेस हाउस आली, रंगीत पाणी आले. माझी नोकरीची बरीच वर्षे या भागातील प्रोसेस हाउसच्या प्रयोगशाळेत गेली असल्यामुळे "प्रकाश टाकला की रंग जातो" हे वाक्य मी अनेकांकडून, विशेषतः यंत्रसामग्री विकणाऱ्यांकडून, ऐकलेले आहे. ते खोटे नाही. पण त्यातील 'जातो' या क्रियापदाचा अर्थ काय, आणि तसे व्हायला किती माल, किती वीज आणि किती जागा लागते, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. तो येथे मांडतो.

सुती कापडाला आज बहुतांश 'रिॲक्टिव्ह' रंग लावले जातात. हे रंग सुताच्या सेल्युलोजशी रासायनिक बंध बांधतात, म्हणूनच ते पक्के ठरतात. मात्र रंगाच्या हौदात सूत असते तसे पाणीही असते, आणि रंगाचे काही रेणू सुताऐवजी पाण्याशीच बंध बांधून मोकळे होतात. असा रेणू पुन्हा सुतावर बसत नाही. तो सरळ धुण्याच्या पाण्यातून बाहेर जातो. जुन्या, एकच क्रियाशील गट असलेल्या रंगांत ही गळती तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. दोन गट असलेल्या रंगांत ती दहा-वीस टक्क्यांवर येते. याखेरीज रंग सुताकडे ढकलण्यासाठी दर लिटरला ६० ते ८० ग्रॅम मीठ आणि बंध घडवण्यासाठी २० ग्रॅमच्या आसपास सोडा ॲश पडते. मीठ आणि सोडा हे या कथेतील खरे खलनायक आहेत. त्यांच्याकडे पुढे यायचेच आहे.

आपल्याकडील ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, हे पाणी आले की हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि चुना घालून गाळ खाली बसवला जातो. रंग बराचसा उतरतो, पण उतरून तो गाळात जातो, आणि तो गाळ घातक कचऱ्याच्या भरावभूमीत पाठवावा लागतो. रिॲक्टिव्ह रंग पाण्यात सहज विरघळणारे असल्याने या मार्गाने पूर्ण निघतही नाहीत. २०१६ साली केंद्र सरकारने वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याचे निकष सुधारले तेव्हा सीओडी (पाण्यातील घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर, बीओडी (तीच घाण पचवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३०, विरघळलेले क्षार २१०० यांच्या जोडीने रंगाचीही १५० एककांची मर्यादा घातली. गाळ बसवून रंग नुसता हलवण्यापेक्षा त्याचा रेणूच मोडून टाकावा, ही कल्पना त्यामुळे कारखानदारांनाही मोहात पाडू लागली.

रेणू मोडण्याचे काम करतो तो हायड्रॉक्सिल मुक्तमूलक. पाण्याच्या रेणूतील एक हायड्रोजन काढून घेतल्यावर जे उरते ते हेच. त्याची ऑक्सिडीकरणाची ताकद सुमारे २.८ व्होल्ट, म्हणजे ओझोनच्या २.०७ आणि क्लोरीनच्या १.३६ व्होल्टपेक्षा बरीच जास्त. तो जन्मल्यावर क्षणार्धात, समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. निवड करणे त्याला ठाऊक नाही, आणि पुढचे सगळे त्रांगडे याच स्वभावातून निर्माण होते.

हा मूलक प्रकाशाच्या मदतीने मिळवण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला अगदी सरळ आहे: पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचे आणि त्यावर पाऱ्याच्या दिव्याचा २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकायचा, म्हणजे पेरॉक्साइडचा रेणू मधोमध तुटून दोन मूलक होतात. दुसरा मार्ग टायटॅनियम डायऑक्साइडचा. पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये असते तीच ही भुकटी. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी तिच्या विद्युताग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन करून दाखवले आणि तेव्हापासून तिच्यामागे संशोधकांची रीघ लागली. तिच्या अनाटेज या स्फटिकरूपातील इलेक्ट्रॉन उठवायला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, म्हणजे ३८८ नॅनोमीटरहून आखूड लहरीचा प्रकाश हवा, आणि सूर्यप्रकाशात असा भाग जेमतेम तीन ते पाच टक्के असतो. शिवाय उठलेला इलेक्ट्रॉन आणि मागे राहिलेली पोकळी बहुतेक वेळा पुन्हा एकमेकांना भेटून उष्णता देऊन टाकतात. थोड्या जोड्याच पृष्ठभागापर्यंत पोहोचून पाण्यापासून मूलक घडवतात.

तिसरा मार्ग सर्वांत जुना, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत उपयोगाचा. १८९४ साली फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने टार्टारिक आम्लावर लोहक्षार आणि पेरॉक्साइड यांची एकत्रित क्रिया नोंदवली. फेरस लोह पेरॉक्साइडला तोडून मूलक देते आणि स्वतः फेरिक होऊन बसते. अंधारात ते फेरिक फार सावकाश परत फेरस होते आणि क्रिया रेंगाळते. येथे प्रकाश कामी येतो. अतिनील आणि अगदी जांभळ्या-निळ्या प्रकाशानेही फेरिक पुन्हा फेरसमध्ये बदलते आणि त्या बदलात आणखी एक मूलक मिळतो. यालाच फोटो-फेंटन म्हणतात. हिराकस तर आपल्या प्रत्येक ईटीपीच्या कोपऱ्यात पोत्यांनी रचलेले असते, त्यामुळे या पद्धतीत ऑपरेटरला अनोळखी असे फक्त पेरॉक्साइडचे प्रमाण आणि सामू. आणि ब्लीचिंगमुळे पेरॉक्साइडचे कॅनही प्रोसेस हाउसला नवे नाहीत.

आता 'रंग जातो' म्हणजे काय होते ते पाहू. बाजारात 'ब्लॅक बी' म्हणून मिळणारा रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ घ्या. त्याच्या रेणूत दोन ॲझो बंध, म्हणजे नायट्रोजनच्या दोन दुहेरी जोड्या, आहेत आणि प्रकाशशोषणाच्या आलेखात ५९७ नॅनोमीटरजवळ दिसणारे त्याचे शिखर याच रचनेमुळे येते. मूलकाने ॲझो बंध तोडला की ते शिखर काही मिनिटांत कोसळते आणि पाणी काचेसारखे स्वच्छ दिसू लागते. त्याच नमुन्याचा आलेख अतिनील भागापर्यंत नेला, तर ३१० नॅनोमीटरच्या आसपासचा नॅफ्थॅलीन कड्यांचा उंचवटा मात्र बराच वेळ तग धरून राहिलेला दिसतो. रंग गेला, पण त्या रंगाचा सांगाडा पाण्यातच आहे, फक्त तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पुढे कडी फुटतात, फॉर्मिक, ॲसेटिक, ऑक्झॅलिक अशी छोटी आम्ले होतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, सल्फेट आणि नायट्रेट. मधल्या टप्प्यावरचे काही तुकडे मूळ रंगापेक्षा अधिक विषारी असू शकतात. म्हणून सीओडीखेरीज माशांवरील चाचणी, म्हणजे प्रक्रिया केलेल्या पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहणे, ही आपल्या सर्वसाधारण निकषांतील अट मला नुसत्या रंगमापनापेक्षा शहाणपणाची वाटते. मोनोक्लोरोट्रायझिन गटाचे रंग असतील तर आणखी एक गंमत: त्यातील ट्रायझिनचे कडे सायन्युरिक आम्लापर्यंत येऊन थांबते आणि हायड्रॉक्सिल मूलकालाही ते सहसा फुटत नाही. सुदैवाने ते फारसे विषारी नाही. पण 'शंभर टक्के विघटन' अशी जाहिरात कोणी केली, तर कुठल्या रंगावर, हे अवश्य विचारावे.

या ठिकाणी मेथिलीन ब्लूविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही. प्रकाश-उत्प्रेरकावरील शोधनिबंधांत मेथिलीन ब्लूचे दहा मिलिग्रॅम प्रतिलिटरचे द्रावण ऊर्धपातित पाण्यात करून, तासाभरात ९८ टक्के रंग घालवल्याची कथा इतक्या वेळा आली आहे की तिचा वीट यावा. एक तर सुती प्रोसेस हाउसमध्ये हा रंग कोणी वापरत नाही. दुसरे म्हणजे तो स्वतः दृश्य प्रकाश शोषून उत्प्रेरकाला इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे 'दृश्य प्रकाशात चालणारा नवा उत्प्रेरक' सापडल्याचा आनंद बऱ्याचदा रंगाच्याच करामतीवर उभा असतो. तिसरे कारण अनेकांनी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाहिलेले असेल. कॉस्टिक आणि ग्लुकोजच्या द्रावणात मेथिलीन ब्लू घालून बाटली स्थिर ठेवली की निळा रंग पार नाहीसा होतो. बाटली हलवली की हवेतील प्राणवायूने तो पुन्हा प्रकटतो. रेणूचा एक केसही वाकडा झालेला नसतो. रंगमापक यंत्र अशा बाटलीलाही 'विघटन पूर्ण' असे प्रमाणपत्र देईल.

आता खर्च. ब्लॅक बीच्या एका रेणूतील सगळा कार्बन, गंधक आणि नायट्रोजन शेवटच्या टोकापर्यंत न्यायचा, तर समीकरण मांडल्यावर पेरॉक्साइडचे ७६ रेणू लागतात. वजनात बोलायचे तर एक ग्रॅम रंगाला २.६ ग्रॅम. हा आकडा घाबरवणारा नाही. खरा धक्का पुढे आहे, कारण सांडपाण्यात रंग एकटा नसतो. सायझिंगची खळ डिसायझिंगमध्ये, म्हणजे कापडावरून ती काढून टाकताना, सुटून येते, साबण असतो, सॉफ्टनर असतो, आणि सीओडीचा मोठा वाटा याच मंडळींचा असतो. एक ग्रॅम सीओडीला सैद्धांतिक हिशेबाने २.१२५ ग्रॅम पेरॉक्साइड लागते. दिवसाला दहा लाख लिटर पाणी आणि १००० मिलिग्रॅम सीओडी धरली, तर बाजारात मिळणारे ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड रोज सव्वाचार टन ओतावे लागेल. हवेतील प्राणवायू यातील काही भार उचलतो, हे खरे. पण वाया जाणारे मूलक तो फायदा बहुधा खाऊन टाकतात. आणि हे सगळे कशासाठी, तर मुख्यतः स्टार्च जाळण्यासाठी, जो हवा खेळवलेल्या एरिएशन टाकीतील जिवाणू दोन वेळच्या जेवणासारखा आवडीने संपवतात.

वाया जाणारे मूलक म्हटले, त्याचे सर्वांत मोठे कारण सोडा ॲश. कार्बोनेट मूलकाशी इतक्या वेगाने भिडते, आणि रंगाच्या हौदात इतक्या प्रमाणात असते, की २० ग्रॅम सोडा आणि १०० मिलिग्रॅम रंग असलेल्या पाण्यात शंभर मूलक सोडले तर रंगाच्या वाट्याला जेमतेम एक येतो. बाकीचे नव्व्याण्णव कार्बोनेट गिळते. त्यातून तयार होणारा कार्बोनेट मूलक काही थोडे काम करतो, पण तो मूळ मूलकाच्या तोडीचा नाही. यावर उपाय आम्ल घालण्याचा. सामू तीनच्या आसपास आणला की कार्बोनेट वायू होऊन उडून जाते, आणि योगायोगाने फोटो-फेंटनलाही २.८ च्या आसपासचाच सामू मानवतो. पण अकराच्या घरातील पाणी तीनवर आणायचे, प्रक्रिया करायची, पुन्हा सातवर न्यायचे, यात पडलेले आम्ल आणि अल्कली शेवटी क्षार म्हणूनच पाण्यात राहतात. म्हणजे रंग गेला आणि २१०० ची क्षारांची मर्यादा आणखी दूर गेली. प्रकाशाने मिठाचा एक कणही कमी होत नाही, ही गोष्ट विकणारा कधी सांगत नाही. तिरुपूरमध्ये नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये रंगकाम करणारे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला आणि तेथील उद्योगाला शून्य निःसारणाची, म्हणजे आरओ आणि बाष्पीभवनाची, कास धरावी लागली. त्या प्रकरणात रंगाइतकाच, किंबहुना अधिक, प्रश्न क्षारांचाच होता.

प्रकाशालाही स्वतःची अडचण आहे. गडद पाण्यात तो शिरतच नाही. २५४ नॅनोमीटरला पेरॉक्साइडची मोलर शोषकता, म्हणजे प्रकाश शोषण्याची ताकद, १९ च्या आसपास, तर रंगाची हजारांत. त्यामुळे दिव्याचा बहुतेक प्रकाश रंगच पिऊन टाकतो आणि पेरॉक्साइड उपाशी राहते. म्हणून दिव्याभोवती पाण्याचा थर पातळ ठेवावा लागतो आणि काचेच्या नळीवर क्षारांचा, लोहाचा थर चढला की ती पुसावी लागते. ही पुसापुशी प्रत्यक्ष प्लँटवर कोणीही वेळेवर करत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग दिवे नकोत, आपल्याकडे ऊन मुबलक आहे, असे कोणीतरी म्हणतेच. त्याचाही ढोबळ हिशेब करून पाहू. चांगल्या उन्हात दर चौरस मीटरला ३० वॅट अतिनील धरली आणि दिवसातले सहा तास मोजले, तर सुमारे दोन मोल फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मिळतात (मोल हे कण मोजण्याचे रसायनशास्त्रातील एकक). टायटॅनियम डायऑक्साइडवर शंभरांतले पाच कामी आले असे उदारपणे धरले, तर दिवसाला ०.१ मोल मूलक. आता जैविक प्रक्रियेनंतर उरलेली फक्त १०० मिलिग्रॅम सीओडी, दहा लाख लिटर पाण्यातून, निव्वळ या मूलकांच्या बळावर घालवायची म्हटली, तरी सव्वा लाख चौरस मीटर, म्हणजे साधारण ३१ एकर, पृष्ठभाग लागतो. इचलकरंजीच्या औद्योगिक वसाहतीत एवढी जागा कोणाकडे आहे, आणि जून ते सप्टेंबर ढगांखाली काय करायचे? फोटो-फेंटनचे गणित यापेक्षा बरेच बरे आहे, कारण त्यात ऑक्सिडीकारक म्हणून पेरॉक्साइड असते आणि प्रकाशाला केवळ लोह फिरते ठेवायचे असते. स्पेनमधील अल्मेरिया येथील सौर संशोधन केंद्रात अन्वस्ताकार आरशांच्या नळ्यांमधून हीच पद्धत वर्षानुवर्षे अभ्यासली गेली आहे. ऑक्झॅलिक आम्लाशी जे लोह बांधले जाते, त्या संयुगाला प्रकाश विशेष सहज फोडतो, त्यामुळे इतर पद्धती जेथे अडखळतात तो टप्पाही येथे ओलांडता येतो.

एवढे सगळे वाचून ही पद्धत निरुपयोगी आहे असा समज झाला असेल, तर तो माझा हेतू नाही. ती चुकीच्या जागी बसवली जाते, एवढेच माझे म्हणणे आहे. सगळे नळ एका हौदात सोडायचे आणि त्या खिचडीवर प्रकाश टाकायचा, हे पैसे पाण्यात घालणे झाले. खळीचे पाणी वेगळे ठेवून सरळ जिवाणूंकडे द्यावे. रंगाच्या हौदाचे पहिले, मिठाने भरलेले पाणी थोडे असते. ते वेगळे काढून त्यातील मीठ परत वापरता येते का, याचा विचार आधी करावा. ज्या पाण्यात रंग आहे पण मीठ आणि सोडा कमी झाला आहे, ते दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याचे पाणी जैविक प्रक्रियेतून जाऊ द्यावे आणि त्यानंतरही जो रंग हटत नाही त्याच्यावर थोडे हिराकस, थोडे पेरॉक्साइड आणि प्रकाश यांचा प्रयोग करावा. किंवा उलट क्रमाने, जिवाणूंना न पचणाऱ्या रेणूचे तुकडे होईपर्यंतच प्रकाश द्यावा आणि ॲसेटिक आम्लासारखे तुकडे जिवाणूंच्या पानात वाढावेत. दोन्हींत खर्चाचा जोर कमी होतो. विजेची तुलना करायची तर एक घनमीटर पाण्यातील रंग दहापट कमी करायला किती युनिट लागले, हे माप वापरावे. २००१ साली ते आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाण म्हणून मांडले गेले. आणि ते ऊर्धपातित पाण्यावर नव्हे, स्वतःच्या प्लँटच्या पाण्यावर काढून मागावे.

चाचणीचा एक सापळा येथे नोंदवून ठेवतो, कारण त्यात शिकलेसवरलेले लोकही अडकतात. प्रक्रियेनंतर पाण्यात पेरॉक्साइड शिल्लक राहते आणि सीओडीच्या चाचणीत वापरले जाणारे डायक्रोमेट त्यालाही ऑक्सिडाइझ करते. दर मिलिग्रॅम पेरॉक्साइडमागे ०.४७ मिलिग्रॅम खोटी सीओडी मिळते. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम पेरॉक्साइड उरले असेल, तर पाणी निर्मळ असूनही अहवालात सीओडी २३५ दिसेल, म्हणजे २५० ची मर्यादा जवळजवळ तेवढ्यानेच गाठली जाईल. असा आकडा पाहून ऑपरेटर पेरॉक्साइडचा डोस आणखी वाढवतो आणि पुढचा आकडा आणखी वाईट येतो. नमुना घेतल्याबरोबर त्यात पेरॉक्साइड फोडणारे कॅटालेज हे विकर किंवा मँगनीज डायऑक्साइड घालून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावी, गाळून घ्यावे, पेरॉक्साइडच्या चाचणीपट्टीने खात्री करावी आणि मगच डायक्रोमेट घालावे. मीठ जास्त असेल तर त्यातील क्लोराइडही सीओडी म्हणून मोजले जाऊ नये यासाठी मर्क्युरिक सल्फेटही विसरू नये.